आम्ही रावेरचे नाही, बऱ्हाणपूरचे



बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. पोस्ट जरा लांब आहे. सवडीनं वाचा.

माझे बाबा गेल्या वर्षी पुण्यात गेले. पेपरात द्यायचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. नाव, वय, मागे कोण कोण आहे, हे सगळं लिहून झाल्यावर मी सवयीनं एक ओळ टाकली, 'मूळचे रावेर, जि. जळगाव येथील'. घरातल्या कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. आत्या बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी, आता चौऱ्याऐंशीची. लग्न गावातच झालं, त्यामुळे उभ्या आयुष्यात बऱ्हाणपूर सोडून ती कुठं राहिलेली नाही. आतेभावानं तिला मोबाईलवर ते कात्रण दाखवलं होतं. मला वाटलं, रडायला फोन केला असेल. ती चिडली होती.

"तुझा बाप रावेरचा कधी झाला गं? रावेर त्यानं गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल, तेवढंच."

मी म्हटलं, "आत्या, लोकांना बऱ्हाणपूर कळत नाही. रावेर म्हटलं की पटकन कळतं."

"मग नको कळू दे. गेलेल्या माणसाचा पत्ता बदलतं का कुणी?"

मला काही बोलता येईना. खरं सांगायचं तर तो पत्ता मी बदललेला नव्हता, बाबांनीच बदलला होता. पण हे तिला त्या दिवशी सांगणं बरं दिसलं नसतं.

बाबा १९६३ साली कॉलेजसाठी जळगावला गेले, तिथून नोकरीला पुण्यात आले आणि कायमचेच पुणेकर झाले. सुरुवातीला ते सरळ सांगायचे, "मी बऱ्हाणपूरचा." मग समोरून ठरलेले प्रश्न यायचे. "म्हणजे वऱ्हाडातले का?" नाही. "मध्यप्रदेश? मग इंदूरचे म्हणा ना!" नाही हो, इंदूर सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे. "खंडव्याजवळ? किशोरकुमारचं खंडवा?" हो, त्याच्या अलीकडे. "मग तुम्ही हिंदीभाषक. मराठी छान बोलता हो!"

हे शेवटचं वाक्य बाबांना फार लागायचं. घरात सात पिढ्या मराठी, आजी रोज हरिपाठ म्हणणारी, आणि त्यांना मराठी छान बोलण्याबद्दल शाबासकी! त्यात बाबांच्या तोंडी 'मी जेवून राहिलोय', 'तो येऊन राहिलाय' असं यायचं. ते ऐकून लोक म्हणायचे, "अच्छा, नागपूरचे!" शेवटी कंटाळून त्यांनी उत्तरच बदललं. "आम्ही खानदेशातले, रावेरकडचे." समोरचा मान हलवायचा आणि विषय संपायचा. 'रावेरकडचे'चं 'रावेरचे' कधी झालं, ते त्यांनाही कळलं नसेल. मी शाळेपासून तेच सांगत आले.

रावेर निवडण्यात तसं फार मोठं खोटं नव्हतं. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा आणि मग बऱ्हाणपूर. वाघोडा आणि बऱ्हाणपूरच्या मधे कुठंतरी महाराष्ट्र संपतो. दोन्हीकडे तशीच काळी जमीन, तशाच केळीच्या बागा. केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या लिलावात काय फुटला, याकडे रावेर-यावलचा शेतकरी रोज कान लावून असतो. पावसाळ्यात बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की खाली भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. गाडीला, केळीला आणि तापीला ही सीमा कधी अडत नाही. ती फक्त माणसांच्या कागदांवर उमटते.

बऱ्हाणपूर सांगितल्यावर लोकांचे घोटाळे कसे होतात, ते एकदा लिहूनच टाकते. कुणाला तरी उपयोग होईल.

पहिला घोटाळा नावाचा. आपलं बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात, तापीकाठी. ओडिशात गंजाम जिल्ह्यात आहे ते ब्रह्मपूर, ज्याला इंग्रजीत बेऱ्हामपूर म्हणायचे. तिथल्या रेशमी साड्या प्रसिद्ध आहेत. तिसरं बंगालमध्ये, मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं बहरमपूर. ही तिन्ही इंग्रजीत लिहिली की दोन-चार अक्षरांचा फरक उरतो, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर आपल्या गावाचं स्पेलिंगही नाना तऱ्हांनी केलेलं सापडतं. १८५७ च्या फेब्रुवारीत काडतुसं घ्यायला नकार देणारी १९ वी पलटण बंगालच्या बहरमपूरची. "तुमच्या गावात सत्तावनची सुरुवात झाली ना?" असं मला एका गृहस्थांनी मोठ्या आदरानं विचारलं होतं. आणि आतेभावाच्या लग्नाला आमच्या एका पाहुण्यानं चक्क ओडिशाच्या ब्रह्मपूरचं तिकीट काढलं होतं. भाडं इतकं जास्त कसं, म्हणून त्यानं फोन केला, म्हणून वाचला.

दुसरा घोटाळा रावेरचा. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० ला गेले ते रावेरखेडीला. हे गाव नर्मदेकाठी, आजच्या खरगोन जिल्ह्यात, सातपुड्याच्या पलीकडे. आपलं रावेर तापीच्या खोऱ्यात. नावाच्या सारखेपणामुळे कितीतरी लोक बाजीरावांना जळगाव जिल्ह्यात नेऊन ठेवतात. आम्ही 'रावेरचे' म्हणवून घेत होतो तेव्हा एका काकांनी "मग समाधी तुमच्याच गावात!" म्हटलं होतं आणि बाबांनी गुपचूप मान हलवली होती. एक चुकीचं उत्तर दिलं की दुसरं पाठोपाठ येतंच.

तिसरा घोटाळा गावातल्या गावात. बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन शहरापासून थोडं दूर, लालबाग भागात आहे. आत्या फोनवर "लालबागला गेले होते" म्हणाली की माझ्या मुलीला वाटायचं, आजी मुंबईला येऊन गेली आणि आपल्याला भेटली नाही. शिवाय इतवारा, बुधवारा, शनवारा हे मोहल्ले. पुण्याच्या माणसाला ऐकून पेठांची आठवण येते, नागपूरच्या माणसाला त्याच्या इतवारीची.

हे झाले गमतीचे घोटाळे. मोठा घोटाळा वेगळाच आहे. तो मला बाबा गेल्यानंतर कळला.

वर्षश्राद्धाच्या आधी मी बऱ्हाणपूरला गेले. घर विकायचं ठरलं होतं, आणि कागदपत्रं तपासायला आतेभावाला माणूस हवा होता. आजोबा एका वकिलांकडे कारकून होते. कागद टाकून देणं त्यांना पाप वाटायचं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि आम्ही दोन दिवस अंगणात कागद पसरून बसलो. आत्या खाटेवर बसून एकेक ओळखत होती. घर एकच, जागचं हललेलं नाही. पण त्या घराचा पत्ता प्रत्येक कागदावर वेगळा!

सर्वांत जुना कागद मोडीत होता. तो वाचणाऱ्याकडून वाचून घेतला. त्यावर 'कसबे बऱ्हाणपूर, प्रांत खानदेश'. त्यानंतरच्या कागदांवर 'जिल्हा निमाड, मध्यप्रांत'. आजोबांच्या तरुणपणीच्या कागदांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. १९५२ च्या एका कागदावर 'मध्यप्रदेश', आणि त्यावरची अपील नागपूर हायकोर्टात. १९५८ च्या कागदावरही 'मध्यप्रदेश', पण अपील जबलपूरला. मग 'जिल्हा पूर्व निमाड, खंडवा'. आणि घरपट्टीच्या नव्या पावतीवर 'जिला बुरहानपुर'.

आतेभाऊ म्हणाला, "आपण एका घरात राहून सात गावचे झालो."

परत आल्यावर मी वाचत गेले, आणि त्या ट्रंकेचा अर्थ हळूहळू लागत गेला. जेवढं नीट समजलं, तेवढं सांगते.

बऱ्हाणपूर वसवलं फारुकी सुलतानांनी, चौदावं शतक संपता संपता. नाव दिलं सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. त्यांची दर्गा इथं नाही, खुलताबादला आहे. तापीच्या पैलतीरावरचं जैनाबाद हे त्यांच्याच परंपरेतल्या जैनुद्दीन यांच्या नावाचं, आणि तीही दर्गा खुलताबादलाच. म्हणजे गावाचं नावच मुळात मराठवाड्यातून आलेलं. गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. त्यामुळे दिल्लीहून येणाऱ्याला बऱ्हाणपूर लागलं की दख्खन सुरू झाली. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, फारुकी संपले आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं झालं. अब्दुर्रहीम खानखाना इथं राहिले. जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा त्यांच्याच काळातला, आजही त्यात पाणी आहे. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेनं इथल्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला, तो याच श्रीमंतीमुळे. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब दख्खनेत उतरला, तोही बऱ्हाणपुरावरूनच.

तेव्हा बऱ्हाणपूर खानदेशात होतं असं म्हणणंसुद्धा कमीच. खानदेशाचा कारभार बऱ्हाणपुरातून चालायचा.

मग हे गाव खानदेशातून बाहेर पडलं कसं? इथं मला वाटत होतं, तुम्हालाही वाटत असेल, की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण तुटलो. आमच्या घरात सगळे तसंच म्हणायचे. ते बरोबर नाही.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामानं बऱ्हाणपूर पेशव्यांना दिलं. पुढे ते शिंद्यांकडे गेलं. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी घेतलं आणि सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना परत दिलं. १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा खानदेशातला पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि मुंबई इलाख्यात खानदेश जिल्हा झाला. पण बऱ्हाणपूर त्या वेळी पेशव्यांचं नव्हतंच, शिंद्यांचं होतं. म्हणून ते त्या जिल्ह्यात आलं नाही. पुढे १८६० च्या सुमारास मुलखांच्या अदलाबदलीत शिंद्यांकडून ते इंग्रजांना मिळालं. तेव्हाही ते शेजारच्या खानदेशाला जोडलं नाही, निमाड जिल्ह्याला जोडलं, आणि निमाड गेला मध्यप्रांतात, नागपूरच्या कारभाराखाली.

झालं! तेव्हापासून 'खानदेश' म्हणजे धुळे-जळगाव असं पक्कं झालं. आज शाळेत मुलं खानदेशचे तीन जिल्हे शिकतात, जळगाव, धुळे, नंदुरबार. खानदेशाची जुनी राजधानी त्या यादीत नाही. एका सरदाराच्या वाट्याला आलेलं गाव म्हणून ते वेगळं राहिलं, आणि कारभाराची रेघ तशीच पुढे सरकत राहिली.

आता १९५६. त्या आधीचा मध्यप्रदेश आणि आजचा मध्यप्रदेश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५० पासून 'मध्यप्रदेश' नावाचं जे राज्य होतं, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. इंदूर-ग्वाल्हेर त्यात नव्हते, ते 'मध्यभारत' नावाच्या वेगळ्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेल्या भागाला मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ जोडून नवं राज्य झालं. नाव तेच ठेवलं, मध्यप्रदेश. मुख्यमंत्रीही तेच, पंडित रविशंकर शुक्ल. म्हणजे गंमत बघा, ज्या राज्याची राजधानी नागपूर होती, त्या राज्यातून नागपूरच बाहेर पडलं आणि आम्ही आत राहिलो. पत्त्यावरचा शब्दही बदलला नाही. बदललं त्या शब्दाच्या आतलं राज्य.

आत्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?

"काही नाही गं. दिवाळीचे दिवस होते. मी फराळाचं करत होते. तुझे आजोबा कोर्टातून आले आणि एवढंच म्हणाले, आता आपली राजधानी भोपाळ. आईनं विचारलं, नागपूर का नाही? ते म्हणाले, नागपूर मुंबईत गेलं. आई हसली. तिला वाटलं, थट्टा करतायत."

त्या एका रेघेनं पुढे घरात काय झालं, ते पाहा. आत्या मराठी शाळेत शिकली. तिच्या मुलाला, माझ्या आतेभावाला, हिंदी शाळेत घालावं लागलं, कारण पुढे नोकरी हिंदीतच होती. तो घरात मराठी बोलतो, हिशेब हिंदीत करतो, आणि पत्र लिहायची वेळ आली तर अडखळतो. ऐंशीच्या दशकात तो महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात प्रवेशासाठी गेला. खिडकीवरच्या माणसानं त्याचा अर्ज पाहून सांगितलं, "तुम्ही परप्रांतीय, तुमची रांग वेगळी." त्याच्याबरोबर रावेरचा आमचा एक नातेवाईक मुलगा होता, तेवढ्याच मार्कांचा. तो 'स्थानिक' झाला. दोघांच्या गावांत आगगाडीचं एक स्टेशन. पुढे हाच आतेभाऊ भोपाळला मुलाखतीला गेला तेव्हा आडनाव वाचून साहेब म्हणाले, "आप तो महाराष्ट्र के हैं."

तो हे हसत सांगतो. चाळीस वर्षं झाली, म्हणून हसतो.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. मध्यप्रदेशातले मराठी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येतात. होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर उत्तरेत गेलेली घराणी. त्यांचा इतिहास मोठा आहे, आणि ते अभिमानानं सांगतात, आमचे पूर्वज अमक्या सालात अमक्या गावाहून आले. बऱ्हाणपूरचंही तसंच असेल, असं सगळे धरून चालतात. "मग तुम्ही महाराष्ट्रातून तिकडे कधी गेलात?" हा प्रश्न बाबांना किती वेळा विचारला गेला असेल!

बऱ्हाणपुरातही काही मराठी घरं बाहेरून आली. कुणी शिंद्यांच्या कारभारात, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत. पण तालुक्यातल्या गावांमधला मराठी शेतकरी कुठून आलेला नाही. शहापूर, इच्छापूरकडे जाऊन बघा. तापीच्या या काठावर आणि पुढे रावेर-मुक्ताईनगरात तीच माणसं, तीच सोयरीक, तेच वांग्याचं भरीत. इच्छादेवीच्या यात्रेला महाराष्ट्रातून माणसं येतात आणि इथली माणसं मुक्ताईला जातात. ही माणसं जागच्या जागी आहेत. वरून सुभा गेला, इलाखा आला, प्रांत गेला, राज्य आलं. अशा माणसाला 'तुम्ही तिकडे कधी गेलात' विचारलं तर तो काय सांगणार?

आमचं घर दोन्हींपैकी कुठल्या जातीचं, हे त्या मोडी कागदावरून ठरत नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, "आजी सांगायची, आपण इथलेच. तिच्या आजीनंही तेच सांगितलं." मला तेवढं पुरे आहे.

आणि हेही लिहायला हवं की बऱ्हाणपूर काही एकट्या मराठीचं नाही. गल्लीत उर्दू, बाजारात हिंदी, पेढीवर गुजराती, डोंगराकडे कोरकू, खंडव्याकडे निमाडी. बोहऱ्यांची मोठी दर्गा गावात आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथं राहिले, त्यांचा गुरुद्वारा आहे. आजोबा शेजारच्या यंत्रमागवाल्या चाचांशी उर्दूत बोलायचे, कोर्टात हिंदी, घरात मराठी. त्यांना कुणी 'तुम्ही कुठले' विचारलं तर म्हणायचे, "राजघाटाजवळचे." तापीचा घाट. प्रांत-राज्य सांगायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्यांना विचारणारे सगळे गावातलेच होते, हाही फरक आहेच. बाबांना विचारणारे पुण्यातले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्याला राजघाटावर नेलं. पलीकडे जैनाबादची बाजू दिसते. तिकडेच आहुखाना. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली आणि तिला आधी त्या बागेत पुरलं. सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथंच गेले. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ मध्ये इथंच गेला, आणि त्याला नेऊन पुरलं ते खुलताबादला, बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात. म्हणजे ज्यांच्यावरून गावाचं नाव पडलं, त्यांच्याच पायाशी. मी हे सगळं आत्याला सांगत होते, नवीन वाचलेलं, उत्साहात.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "हेच तर मी तुला म्हणत होते. मुमताज इथं गेली, नाव आग्र्याचं झालं. तुझा बाप इथं जन्मला, नाव रावेरचं झालं. आमच्या वाट्याला मग राहिलं काय?"

मी तेव्हा तिला खरं सांगितलं. की ती ओळ माझ्या मनाची नव्हती, बाबाच तसं सांगायचे, चाळीस वर्षं. वाटलं होतं ती दुखावेल. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "थकला असेल बिचारा सांगून सांगून. मी इथंच राहिले, मला कुणी विचारलंच नाही."

बाबांच्या अस्थींचा थोडा भाग मी बरोबर नेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथंच तापीत सोडला. गुरुजींनी संकल्पासाठी गाव विचारलं. आत्यानं मला बोलूच दिलं नाही.

घर या दिवाळीनंतर दुसऱ्याचं होईल. ट्रंक मी पुण्याला आणली आहे. वर्षश्राद्धाला बाबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापली. तिच्या पहिल्या पानावर 'जन्म: बऱ्हाणपूर' एवढंच आहे. जिल्हा, राज्य काही लिहिलं नाही. छापखानेवाल्यानं विचारलं, "ताई, हे कुठं आलं?" त्याला हे सगळं सांगितलं. वीस मिनिटं गेली. पण सांगितलं.

मंडळी, तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल. बेळगावची, बिदरची, सौंसरची, मुलताईची, डांगची. एकदा उघडून बघा, आजोबा-पणजोबांच्या कागदांवर गावाच्या पुढे काय काय लिहिलंय. आणि तुमच्या घरात सोयीसाठी सांगितलं जाणारं गाव आणि खरं गाव वेगळं असेल, तर घरात कुणी सांगणारं आहे तोवर विचारून घ्या. मला आत्या होती, म्हणून कळलं.

बऱ्हाणपूरला कधी गेलात तर मावा जिलबी आणि दराबा खाल्ल्याशिवाय येऊ नका. आणि तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा!